तरोटा, वास्ते आणि टोकियो

गोंदिया हे नाव उरलेल्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गाडीच्या पाटीवरून. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खं राज्य आडवं कापत इथं येऊन दम टाकते. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेसही इथंच थांबते. त्यामुळं पुण्या-साताऱ्याकडच्या पाहुण्यांची समजूत अशी, की गोंदियाला रूळ संपतात आणि पुढं नुसतं धुकं असतं. पुढं छत्तीसगड आहे, वरच्या अंगाला मध्यप्रदेश आहे आणि गोंदियाला अगदी खेटून आमचं कुडवा आहे. गावाला कारभार ग्रामपंचायतीचा आणि गोंगाट शहराचा. ऑटोवाला हिंदीत भाडं सांगतो, मी मराठीत घासाघीस करते, शेजारी बसलेली बाई पोवारीत लेकीशी फोनवर बोलत असते, आणि तिघांनाही एकमेकांचं पुरतं कळत असतं.

या गावात ऋतू पंचांगातून येत नाही, टोपलीतून येतो. मृग लागला की नाही याबद्दल हवामान खातं आणि आमचे शेजारी यांचं एकमत क्वचितच होतं, पण सकाळी फाटकाशी "तरोटा घेता का, बाई?" अशी हाक आली की वाद मिटला. पावसाळा सुरू. त्या हाकेला प्रतिप्रश्न नसतो. "उद्या घेईन" म्हटलं तर उत्तर ठरलेलं आहे, "उद्या नाही भेटन." ही धमकी नसते. तरोट्याची पानं कोवळी असतात तेवढेच दिवस ती भाजी, नंतर तो पाला.

माझी पुतणी टोकियोत असते. एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाई भागात. तिथं आपली माणसं इतकी, की २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आले. तिचं आणि माझं फोटोंचं देणंघेणं चालू असतं. तिचे फोटो नीटनेटके. वसंतात चेरीच्या फुलांचं पोस्टर, गुलाबी मिठाई, गुलाबी बिस्किटं, गुलाबी कॉफीसुद्धा. शरद आला की त्याच दुकानात सगळं रताळ्याचं आणि चेस्टनटचं. स्टेशनच्या भिंतीवर ऋतू छापून लावतात म्हणे, म्हणजे कुणाचा चुकायला नको. माझे फोटो त्या मानानं गबाळे. विळी, तिच्याखाली ‘लोकमत’चा कागद, कागदावर हिरवा ढीग आणि कोपऱ्यात माझा अंगठा. तिचं उत्तर येतं, "काकू, हे काय आहे? आणि मला का नाही?"

तरोट्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कुडव्यात त्याचे दिवस पालटले आहेत. पूर्वी गावाभोवती धानाच्या बांध्या होत्या. आता बऱ्याच बांध्यांचे लेआउट झाले. सिमेंटचे खुंट, मुरमाचे रस्ते, गवतात अर्धी बुडालेली ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी. प्लॉटचा मालक नागपूरला किंवा रायपूरला राहतो आणि भाव वाढायची वाट पाहतो. तो वाट पाहत असताना पहिल्या दोन सरींत त्याच्या जमिनीवर तरोटा माजतो. पडीक जागा, मुरूम, ऊन हे त्याला मनापासून आवडतं. मग आमच्याकडच्या बाया सकाळी पदर खोचून त्या प्लॉटात उतरतात. मुद्दल मालकाचं, व्याज आमच्या कढईत. गेल्या काही वर्षांत कुडव्याच्या जमिनीतली सगळ्यात खात्रीची मिळकत हीच असावी, असं माझं मत आहे.

तरोटा सकाळीच खुडायचा. संध्याकाळ झाली की त्याची पानं जोडीजोडीनं मिटतात, आणि मिटलेल्या पानांत कोवळं कोणतं, निबर कोणतं ते हाताला लागत नाही. शेंड्याकडची दोन-तीन पानं तेवढी घ्यायची. उकडायची, पिळायची, भिजवलेली चणाडाळ, भरपूर लसूण, लाल मिरची. वास उग्र येतो. आषाढात एकदा तरी ही भाजी पोटात गेली की वर्षभर पोट तक्रार करत नाही, असं माझ्या सासूबाई म्हणत. त्यांचं पोट वर्षभर तक्रार करत असे. पण तरोटा खाल्ला नसता तर काय झालं असतं, हा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता.

तरोट्यामागून वास्ते येतात. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. विकणारी बाई ते टोपलीच्या तळाशी, पाल्याखाली ठेवते आणि गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरच पाला बाजूला करते, कारण वनखात्याला बांबू उंच झालेला आवडतो आणि आम्हाला वीतभर. हातात घेतलेला कोंब चांगला जाडजूड असतो. मग एकेक सोपट काढायला बसावं. वरचं केसाळ, आतलं पिवळट, त्याच्या आतलं पांढरट. काढता काढता कागदावर सोपटांचा डोंगर होतो आणि हातात उरतो तो एवढासा गाभा. तो विळीवर पातळ चिरायचा, दोनदा पाणी बदलून उकडायचा, पाणी फेकायचं आणि मग बेसन लावून परतायचं. कडवटपणा थोडा राहतोच. तो राहिला नाही तर आमच्याकडं स्वयंपाक करणारीकडं संशयानं बघतात.

हे मी पुतणीला लिहिलं तर तिचा उलट फोटो आला. टोकियोत एप्रिलमध्ये हेच कोंब दुकानात मांडलेले, शेजारी चिमुकली पुडी. पुडीत तांदळाचा कोंडा. कडवटपणा जावा म्हणून जपानी लोक कोंब कोंड्याच्या पाण्यात उकडतात, आणि शहरात कोंडा कुठून आणायचा म्हणून दुकानदार पुडी बांधून देतो. हा फोटो मी आमच्या ह्यांना दाखवला. ह्यांची हयात राइस मिलमध्ये मुनिमी करण्यात गेलेली. कोंड्याच्या पोत्यांचे ढीग पाहून पाहून डोळे थकलेला माणूस. त्यांनी चष्मा वर केला, पुडी न्याहाळली आणि एकच प्रश्न विचारला, "एवढुसा कोंडा? पुडीत?" त्या दिवशी जेवताना ते जरा गप्पच होते.

पावसाळ्यातला राजा मात्र सात्या. वारुळावर उगवणारी ही छत्री कुणाला पेरता येत नाही. वारुळात वाळवी आपल्या पोटापाण्यासाठी बुरशीची बाग लावते, त्या बागेतून पावसात ती वर येते. वाळवी नसेल तर सात्या नाही. जपानात मात्सुताके नावाची छत्री आहे, तीही अशीच मानी. देवदाराच्या भाईबंद झाडांच्या मुळांशी तिचा घरोबा, माणसानं लावून ती येत नाही आणि म्हणून भाव आकाशाला. आमच्याकडं पहिल्या सात्या बाजारात आल्या की मटणाचा भाव खाली मान घालतो. कोणत्या जंगलात, कोणत्या वारुळावर त्या येतात हे आणणारा सख्ख्या भावालाही सांगत नाही. जुन्या एदो शहरात मोसमातल्या पहिल्या बोनिटो माशासाठी बायको गहाण टाकायलाही लोक मागंपुढं पाहत नसत, अशी तिकडं म्हण आहे. मी ती ह्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "मग सात्या शिजवणार कोण?" हिशेब पक्का.

ऑगस्टात सरकारला जाग येते. २०२० पासून कृषी विभाग जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. मंडप, खुर्च्या, माइकची शिट्टी, टेबलावर पांढरं कापड. प्रत्येक भाजीसमोर एक पाटी. पाटीवर स्थानिक नाव, शास्त्रीय नाव आणि औषधी गुण. त्या पाट्या वाचत गेलं तर असं दिसतं की आपल्या रानातली एकूण एक भाजी मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखी बरी करते. चवीबद्दल मात्र एकाही पाटीवर अक्षर नसतं. खाण्याची वस्तू चांगली लागते म्हणून खावी, हे शासकीय कागदावर लिहायला आपल्याकडं कसंसंच होत असावं.

आणि मग पाककृती स्पर्धा. त्यात तरोट्याचे कटलेट असतात, कुड्याच्या फुलांचं मंचुरियन असतं, काटवलाला चीजचा फेटा बांधलेला असतो. प्रमुख पाहुणे प्रत्येक ताटलीतलं चिमूटभर उचलतात, मान डोलावतात आणि फोटो होतो. हे पाहताना मला टोकियोच्या मेगुरो भागातली एक जुनी गोष्ट आठवते; तिथले कथेकरी ती अजून रंगवून सांगतात. एक मोठा सरदार फिरायला म्हणून मेगुरोला गेला. मेगुरोला समुद्र नाही. तिथं भूक लागली तेव्हा कुणा साध्या माणसाकडचा निखाऱ्यावर भाजलेला, वरून करपलेला, चरबीनं थबथबलेला सान्मा मासा त्याच्या पुढ्यात आला. सरदारानं असलं गरिबाचं अन्न जन्मात चाखलं नव्हतं. तो खुळावला. वाड्यावर परतल्यावर त्यानं सान्माच मागितला. आचाऱ्यांनी बाजारातून उत्तम मासा आणला; पण धन्याला बाधू नये म्हणून वाफवून चरबी काढली, घशात अडकू नये म्हणून काटे काढले आणि बिनचवीचा गोळा पुढं ठेवला. सरदारानं विचारलं, हा कुठला? समुद्रावरच्या बाजारातला, सरकार. तेव्हा त्यानं निकाल दिला, की सान्मा खावा तर मेगुरोचाच! आता त्याच मेगुरोत शरदात सान्माचा उत्सव भरतो. रस्त्यावर शेगड्या मांडून मासे भाजतात, फुकट वाटतात, आणि त्या एका माशासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. पुतणीही उभी राहिली होती. डोळ्यांत धूर गेला, कोटाला आठवडाभर वास होता आणि काकू, भात हवा होता सोबत, असं तिनं लिहिलं.

आमच्या मंडपात रांग नसते. पण प्रमुख पाहुण्यांची गाडी वळली की खरा महोत्सव सुरू होतो. बचतगटाच्या बाया टेबलाखालून आपापले डबे काढतात. त्यात कटलेट नसतं. त्यात लसणाची तरोट्याची भाजी असते, वास्त्याचं बेसन असतं, कोचईच्या पानांच्या वड्या असतात आणि भात. मी नेमकी त्या वेळेला जाते. एवढ्यासाठी सरकारनं दरवर्षी मंडप घालावा, माझी काही हरकत नाही.

सात जानेवारीला जपानात सात रानपाल्यांची पेज खातात. दुकानात सातही पाले एका डबीत घालून मिळतात. आपल्याकडं ऋषिपंचमी आहे. डबी अजून निघालेली नाही एवढंच. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातलं, कुंपणावरचं, आपसूक उगवलेलं एका भांड्यात. तांदूळही नांगराविना आलेला हवा. तळ्याच्या काठच्या दलदलीत देवधान नावाचा रानटी भात उगवतो, तो मूठभर का होईना मिळवायची आमच्या घरी पूर्वी धावपळ असे. हल्ली ह्यांनी त्यातही कायदा काढला आहे. म्हणतात, "बैलाचे कष्ट नकोत ना? आपल्या भाटव्याच्या शेतात पाच वर्षं झाली, ट्रॅक्टरच चालतो. आणा तोच." ऋषींनी ट्रॅक्टरचा विचार केला नव्हता, हे मला मान्य करावं लागलं. देवधान मी तरीही आणते.

तांदळाचा विषय निघाला की आमच्या घरात फोन उचलला जात नाही. गोंदियाच्या चारी बाजूंना राइस मिल. अरवा तांदूळ म्हणजे धान नुसतं भरडून निघालेला, आणि उष्णा म्हणजे आधी भिजवून, वाफ देऊन, वाळवून मग भरडलेला. उष्ण्याची वाफ सुटली की त्या बाजूच्या वाऱ्याला एक आंबूस-गोडसर वास येतो. नवख्याला तो सहन होत नाही, आणि आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर तो वास आला नाही तर भूक लागत नाही. ते दुकानात तांदूळ बघतात तो प्रकार पाहण्यासारखा असतो. पोत्यात मूठ खुपसून दाणे तळहातावर पसरतात, फुंकर घालतात, बोटानं कणकी बाजूला सारतात, एक दाणा दाढेखाली धरतात. ‘कट्’ असा स्वच्छ आवाज आला तर माल वाळलेला. दाणा दबला तर पोतं जिथल्या तिथं. एचएमटी म्हणून बाजारात जो तांदूळ मिळतो तो नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं लावून तयार केला आणि मनगटावरच्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं, ही गोष्ट ते प्रत्येक दुकानदाराला सांगतात. दुकानदाराला ती पाठ आहे. तो तरी ऐकतो, कारण मुनिमाला नाराज करायचं नसतं.

तर एका ऑक्टोबरात पुतणीनं फोटो पाठवला. दुकानात तांदळाच्या पिशव्या, त्यावर झळकणारं लेबल: नवा तांदूळ. जपानात नव्या पिकाच्या तांदळाचं केवढं कौतुक! ज्या वर्षी पीक निघालं त्याच वर्षाअखेरपर्यंत पिशवीत भरला तरच त्याला नवा म्हणता येतं, लोक वाट पाहून असतात, चार पैसे जास्त मोजतात. ह्यांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा मला वाटलं की छातीत कळ आली. गोंदियात नवा तांदूळ म्हणजे चिकट, गोळा होणारा, पाहुण्यांपुढं लाज आणणारा. इथं इज्जत जुन्या तांदळाला. वर्षभर मुरलेला, शिजल्यावर दाणा दाण्याला ओळख दाखवणार नाही असा. "नवा तांदूळ जास्त भावानं?" त्यांनी तीनदा विचारलं. मग म्हणाले, "दिवाळीत आपल्याकडचा सगळा तिकडं पाठवा, आणि त्यांचा गेल्या वर्षीचा उरलेला इकडं मागवा. दोन्ही देश सुखी." परराष्ट्र धोरणात मुनिमांना घेत नाहीत, हे आपलं दुर्दैव.

२०२५ च्या वसंतात तिकडं तांदूळच महागला. पाच किलोची पिशवी वर्षभरात दुपटीला, चार हजार येनच्या वर गेली. सरकारला राखीव साठा बाहेर काढावा लागला. त्या गडबडीत शेतीमंत्री ताकू एतो पक्षाच्या एका कार्यक्रमात बोलून गेले, की मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थक मला आणून देतात. देश खवळला आणि मे महिन्यात गृहस्थांना राजीनामा द्यावा लागला. पुतणीनं बातमी पाठवली तेव्हा ओसरीवर चार माणसं बसली होती. सगळे गप्प झाले. चौघांपैकी एकानंही जन्मात तांदूळ विकत घेतला नव्हता. घरचं धान, मिलवरून भरडून आणायचं, हीच रीत. विकत आणावा लागणं हीच इथं थोडी खाली मान घालायची गोष्ट. "असं असेल तर," त्यातले एक काकाजी म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात कोणी खुर्चीवर राहणारच नाही."

दिवाळीनंतर मंडई. हा शब्द ऐकून कुणाला भाजीबाजार आठवला तर त्यानं एकदा झाडीपट्टीत यावं. बलिप्रतिपदेला गोवारी नाचतात, भाऊबीज होते आणि मग एका गावामागून एका गावाची मंडई लागते. तारखा अशा ठरतात की शेजारची दोन गावं एकमेकांची गर्दी पळवणार नाहीत. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि प्रेक्षक सकाळी कामावर जातात. कामाचं काय होतं ते विचारू नये. ज्या गावची मंडई त्या गावच्या प्रत्येक घरात पाहुणे. लेकी, जावई, जावयांचे मित्र, मित्रांनी वाटेत भेटले म्हणून आणलेले इसम. वड्यांचा घाणा सकाळी चढतो तो रात्री उतरतो. पाहुणे येतात ते खायला, असं कुणी म्हणत नाही. तसंच मुलगी बघायलाही कुणी येत नाही. मंडईलाच येतात, घरात उपवर मुलगी असते आणि चहा तीच आणते, हा निव्वळ योगायोग. अशा योगायोगांवर माघ-फाल्गुनातले निम्मे मंडप उभे राहतात.

बाजारात जिलेबी, भजी, बांगड्या, फुगे आणि शिंगाडे. शिंगाड्यांना मी जिलेबीच्या वर मानते. आमच्या भागात मालगुजारीच्या काळातले तलाव गावोगाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव होऊन राहिले. त्या पाण्यावर ढिवर लोक शिंगाड्याचा वेल पसरवतात आणि थंडी पडायला लागली की डोंग्यातून, कधी छातीभर पाण्यात उभं राहून, फळं तोडतात. फळाला दोन बाजूंना शिंगं, आणि ती टोचतात. मंडईत ते सालासकट उकडलेले मिळतात, काळेभोर. ठेलेवाला चाकूनं टवका उडवून देतो. आत पांढरा, पिठूळ, जरासा गोड गर. दोन-चार खाल्ले की बोटं काळी होतात. नंतर साबण लावा, लिंबू लावा, दोन दिवस जात नाहीत. कोण मंडईला जाऊन आलं आणि कोण "तब्येत बरी नव्हती" म्हणून घरी होतं, ते सोमवारी ऑफिसात बोटांवरून कळतं.

हिवाळ्यातलं बाकीचं मी घाईनं सांगते, कारण लिहिता लिहिता भूक लागली आहे: पोपटाच्या शेंगा आणि वांगी, लाखोळीची कोवळी भाजी, वरून सांभार म्हणजे कोथिंबीर. आणि मार्चात पहाटे मोह गळायला लागला की त्या वासानं झोपमोड. तो वेचून, वाळवून ठेवला की बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं त्याचा एकच उपयोग असतो. लाडू पुढं केले की त्यांचा चेहरा उतरतो.

पुतणी या दिवाळीला येते आहे, खास मंडईसाठी. तिला परतताना जुना, मुरलेला चिन्नोर द्यायचा, असं ह्यांनी ठरवून टाकलं आहे. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ह्यांच्या मते तो नुसता तांदूळ राहिलेला नाही. मी सांगितलं, की जपानात विमानतळावर धान्याला तपासणीचा दाखला लागतो, वाटेल ते नेता येत नाही. त्यांनी दाखला कुठं मिळतो याची चौकशी सुरू केली. बॅगेचं वजन किती चालतं तेही विचारून घेतलं. काल रात्री तिला फोनवर म्हणत होते, "दहा किलो तुझा. दोन किलो वेगळा बांधतो, तो त्या माजी मंत्र्यांना दे. बिचाऱ्यांना आता विकत घ्यावा लागत असेल."